बॅनरवर नाव छापू नका

९ जून, मंगळवार

रूथने केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. कम्प्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातात का बघणाऱ्या खात्याच्या, बाईने दार लावलं की माणूस आधी आपली पापं आठवतो. मला एकही आठवलं नाही.

बँक पुन्हा विकली जाते आहे. या वेळी कॅनडाचे लोक. जाहीर व्हायला महिनाभर तरी आहे. तोवर ज्यांना माहीत आहे त्यांची एक यादी, आणि त्या यादीत आजपासून मी. कारण मोठं काही नाही. नाव बदललं की बोर्ड, दाराची काच, कार्डं, रिसेप्शनची भिंत हे सगळं माझ्या खात्यात येतं, आणि तयारी आधीपासून लागते.

रूथ म्हणाली, "घरीसुद्धा नाही, श्री. आपले शेअर बाजारात आहेत. एक शब्द बाहेर गेला तरी तो गुन्हा."

सही केली. वॉटफर्डला उतरलो तेव्हा दोन इंच उंच झाल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं नोकरी केली, कुठल्याच यादीत नव्हतो. घरी बायको, माधवी, म्हणाली, "हसतोयस काय एकटाच?" म्हटलं, काही नाही.

१० जून, बुधवार

सकाळी चहाला कप काढताना फळीवरचे सगळे मग खाली घेतले. प्रत्येक मालकाचा एक. पहिला हिरवा, कॉर्कच्या दोघा भावांच्या वेळचा. त्यांनीच ही बँक काढली, लंडनचं ऑफिस थाटलं आणि मला घेतलं. मग डब्लिनच्या मोठ्या बँकेने ती विकत घेतली, तिचा निळा मग. मंदीत मोठी बँकच बुडायला आली तेव्हा आमच्या साहेबांनी कर्ज काढून आम्हाला सोडवलं, तो पांढरा, फार दिवस टिकला नाही, कान तुटला. मग अमेरिकन फंड. मग शेअर बाजार. शेवटच्या मगवर नावाच्या जागी नुसता एक फराटा आहे, डिझायनरने त्याचे भरपूर घेतले.

हिरव्या मगने माधवी तांदूळ मोजते. दोन मग म्हणजे चौघांचा भात. बँकेचा एवढा भरवशाचा उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल.

दर वेळी बोर्ड उतरला की शिवॉन आणि मी आधीच्या मालकाच्या मगमध्ये चहा घेतो. शिवॉन चेअरमनची सेक्रेटरी. भावांच्या काळापासून टिकलेले आम्ही दोघंच. तीही यादीत आहे, हे आज तिच्या चेहऱ्यावरून कळलं. दोघंही हवामानावर बोललो.

१४ जून, रविवार

मंडळाची मीटिंग अविकडे. अवि म्हणजे डॉ. अविनाश बापट, आमचा खजिनदार, भूल देणारा डॉक्टर. कमिटीतल्या लोकांना तो बोलून बोलून भूल देतो असं सगळे म्हणतात. गणपतीचा हॉल ठरला. जेवणावरून नेहमीची भांडणं. मसालेभात की पुलाव यावर जेवढा वेळ गेला तेवढ्यात एखादा देश स्वतंत्र झाला असता.

मग अविने विचारलं, "श्री, स्पॉन्सर म्हणून तुमच्या बँकेचं नाव मागच्यासारखंच ना? बॅनर छापायला टाकतोय."

म्हटलं, "बँकेचं नाव छापू नकोस अजून. जागा सोड. सप्टेंबरात बघू."

"का रे? यंदा हात आखडता?"

"स्पॉन्सरशिप मिळेल रे. पण उगाच दोनदा छपाई कशाला."

मागच्या वेळी नाव बदललं तेव्हा मंडळाचा नवाकोरा बॅनर फुकट गेला होता. अविच्या शेडवर अजून ताडपत्रीसारखा पसरलेला आहे, आज खिडकीतून दिसतच होता. तोच दिसला म्हणून आठवण झाली. अवि चहा ढवळायचा थांबला, "बरं" म्हणाला आणि पुढचा विषय घेतला.

मंडळाचा खर्च वाचवला. येताना गाडीत माधवीला सांगितलंसुद्धा, की माझ्यासारखी दोन माणसं कमिटीत असती तर...

१३ जुलै, सोमवार

जाहीर झालं. सकाळी सातला बातमी. शेअर असा उसळला की डब्लिनहून फोनवर लोक ओरडत होते. आमचे ट्रेडर एकमेकांना मिठ्या मारत होते, आणि यातल्या निम्म्यांना ख्रिसमसपर्यंत घरी बसवतील हे त्यांनाही माहीत आहे.

शिवॉन म्हणाली, "सो, शिरी, अनदर मग." इतक्या वर्षांत तिला श्री म्हणता आलं नाही, मला तिच्या नावाचं स्पेलिंग आलं नाही. फिटंफाट.

१९ जुलै, रविवार

अवि आला. पेढ्यांचा बॉक्स घेऊन. वाटलं मुलीचं लग्न ठरलं.

सोफ्यावर बसला, मांडीवर थाप मारली. "तुझ्या बॅनरची कृपा!"

म्हटलं, कसली कृपा?

"अरे, तू म्हणालास नाव छापू नको, सप्टेंबरात बघू. घरी बसून विचार केला. तुमच्या बँकेचं नाव कधी बदलतं? विकली जाते तेव्हाच. मग घेतले थोडे शेअर. थोडे म्हणजे... बऱ्यापैकी घेतले."

माधवी ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

मी म्हणालो, अवि, हे बोलू नकोस. तो हसला. "तू कुठे काही सांगितलंस? मी माझं डोकं चालवलं." आणि पेढा माझ्या तोंडात कोंबला.

आणि मी तो गिळला.

२० जुलै, सोमवार

रूथच्या केबिनवरून चार वेळा गेलो. एकदा ती हसली. मीही हसलो.

उद्या सांगेन.

२३ जुलै, गुरुवार

नाही सांगितलं. स्वतःला समजावतो: मी बँक म्हटलं, बॅनर म्हटलं. विक्री म्हटलं का? नाही. कॅनडा म्हटलं का? नाही. कोर्टात उभा असल्यासारखा आंघोळीतसुद्धा हेच घोळवतो.

माधवी चार दिवस याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. आज भाजी चिरताना, मान खाली घालूनच म्हणाली, "माझ्या ऑपरेशनच्या वेळी अवि सुट्टीवर होता. तरी आला होता." एवढंच.

खरं आहे ते. मी बाहेर बसलो होतो आणि आत तिच्या उशाशी तो होता. शुद्धीवर आल्यावर तिला पहिल्यांदा दिसला तो अवि. आता त्याला कसं बुडवू? आणि त्याला वाचवतो म्हणून मी स्वतःलाच वाचवतोय, हे न कळायला मी काही दुधखुळा नाही.

१६ ऑगस्ट, रविवार

काही घडलं नाही. बरं वाटायला लागलंय, आणि बरं वाटतंय याचीच लाज वाटते.

नव्या मालकांना रिसेप्शनच्या भिंतीवर बँकेचा इतिहास हवाय, "अवर स्टोरी". मजकूर मी लिहायचा. दोघे भाऊ, मोठी बँक, मंदी, साहेबांचं कर्ज, अमेरिकन, बाजार, कॅनडा. टोरांटोहून मजकूर परत आला: मंदी काढा, कर्ज काढा, मालकी बदलली असं म्हणू नका, "प्रवास" म्हणा. काढलं, म्हटलं. आमच्या बँकेवर आता कधी वाईट दिवस आलेच नाहीत.

१९ सप्टेंबर, शनिवार

मंडळाचा गणपती. हॉलमध्ये शिरलो आणि समोर चांदीचं मखर. नवं, अख्खं, पुण्याहून कारागिराकडून करवून आणलेलं. खाली छोटी पाटी: बापट परिवाराकडून सप्रेम.

अवि पुढे आला. कद नेसलेला, कपाळाला गंध. सगळ्यांसमोर म्हणाला, "यंदा पूजेला यजमान श्री आणि माधवी. मी हट्टच धरलाय."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. बसलो पाटावर. गुरुजींनी संकल्प सोडायला सांगितलं, नाव-गोत्र विचारलं. हातावरून पाणी सोडताना समोर ती चांदी. माधवीने रीतीप्रमाणे माझ्या हाताला हात लावला होता. पूजेला लावतात तसा. नुसती बोटं टेकवलेली, दाब नाही.

दारावर बॅनर. बँकेचं नवं नाव, अगदी बरोबर छापलेलं. दोनदा छपाई करावी लागली नाही.

अविने माझ्या दंडाला धरून हळूच विचारलं, "शोभतंय ना?" मी म्हणालो, "छान." मखर खरोखरच छान आहे. बाप्पाकडे बघवलं नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार

रूथने पुन्हा बोलावलं, दार लावलं. या वेळी पापं आठवावी लागली नाहीत.

बातमीच्या आधी ज्यांनी संशय येण्याइतके शेअर घेतले, त्यांची नावं नियामकाने पाठवलीत. जूनमधल्या यादीतल्या प्रत्येकाला ती वाचून दाखवायची आणि विचारायचं, यातल्या कुणाला ओळखता का. रूथने सावकाश वाचली. आयरिश नावं, एक चिनी, दोन इंग्लिश. मग "डॉक्टर ए. बापट".

तिने चष्म्यावरून बघितलं. माझ्या तोंडाकडे बघून वाचलं असं वाटलं, पण खाई त्याला खवखवे, सगळ्यांकडे ती तशीच बघत असेल.

"यातलं कुणी?"

म्हणालो, "नाही."

असा सहज म्हणालो, कुणी साखर हवी का विचारल्यावर म्हणावं तसा. तीस वर्षांचा मित्र. त्याने पूजेच्या पाटावर बसवलं त्याला अजून तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत.

रूथ म्हणाली, "थँक यू, श्री." आणि कागदावर माझ्या नावापुढे खूण केली.

८ ऑक्टोबर, गुरुवार

शिवॉनला घरी पाठवलं.

त्या नावांत तिच्या बहिणीचा नवरा होता. रूथने विचारलं, कुणी ओळखीचं? शिवॉन म्हणाली, हो, हा माझा मेहुणा. मेहुणा भावांच्या काळापासून दरवर्षी आमचे शेअर घेत आलाय, निव्वळ कॉर्कच्या अभिमानापोटी. यंदा जूनमध्ये घेतले, बस. तिचं म्हणणं असं. चौकशी होईपर्यंत निलंबित. पार्किंगपर्यंत सिक्युरिटीचा माणूस सोबत.

तिने खरं सांगितलं म्हणून ती घरी. मी खोटं बोललो म्हणून मी नव्या बोर्डाच्या अक्षरांचा रंग ठरवतोय.

जेवलो नाही. माधवीने ताट झाकून ठेवलं. मी बाहेर आलो नाही म्हणून तिनेही खाल्लं नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

ईशा ब्रिस्टलहून आली आहे. जेवताना विचारते, "बाबा, दिवाळीला शिवॉन आंटीला तू फोन केली ना? ती माझी फेव्हरेट गेस्ट आहे." शिवॉन दर दिवाळीला येते, चिवडा वाडग्याने खाते, चकलीला 'द क्रंची स्पायरल' म्हणते.

म्हटलं, करतो.

ईशा गेल्यावर माधवी म्हणाली, "मी जुलैमध्ये ऑपरेशनचं काढायला नको होतं. तुला गप्प मीच केलं." मी म्हणालो, मी आधीच गप्प होतो, तू फक्त निमित्त दिलंस. मग म्हणाली, "अविने मला वाचवलं त्याची भरपाई शिवॉनने का करायची?"

उठून मिठाच्या पाण्याने गुळण्या करत बसलो, घसा दुखत नसताना.

२५ ऑक्टोबर, रविवार

अविला गाठलं. मंडळाच्या हॉलमागे, गाड्या लावतात तिथे. सगळं सांगितलं: त्याचं नाव वाचलं गेलं, मी नाही म्हणालो, शिवॉन घरी बसलीय.

आधी हसला. मग चेहरा पांढरा पडला. हा माणूस मी कधी घाबरलेला पाहिला नव्हता.

"माझं रजिस्ट्रेशन जाईल, श्री. डॉक्टर राहणार नाही मी."

"माहीत आहे."

"तुलासुद्धा सोडणार नाहीत."

"तेही माहीत आहे."

"मग कशाला? ती निर्दोष आहे ना? सुटेलच की आपोआप."

मी म्हणालो, तिने वर्षभर निर्दोष म्हणून घरी बसायचं आणि आपण आरती करायची?

तो म्हणाला, "मखर देऊन टाकतो. सगळं दान करतो. श्री, माधवीच्या वेळी मी..." आणि थांबला. वाक्य पुरं केलं नाही. दोघांनीही खाली बघितलं. त्याला लाज वाटली हे दिसलं मला, आणि म्हणून तो अजून माझा मित्र आहे.

जाताना काच खाली करून एवढंच म्हणाला, "सांगणार असशील तर आदल्या दिवशी मला फोन कर. मुलीला माझ्या तोंडून कळू दे."

३१ ऑक्टोबर, शनिवार

दरवर्षी या सुमारास शिवॉन ऑफिसात ब्रॅक आणते, मनुका घातलेला गोड पाव, आत एक अंगठी दडवलेली. ज्याच्या तुकड्यात अंगठी निघेल त्याचं वर्ष चांगलं. यंदा ऑफिसात ब्रॅक नाही, आणि कुणी तिचं नावही काढलं नाही.

विल्सडनला तिच्या घरी गेलो. चौकशी चालू असताना भेटायची परवानगी नाही, तरी गेलो. शिवॉन दारातच म्हणाली, "यू शुडंट बी हिअर, शिरी," आणि आत घेतलं. ब्रॅक केला होता. एकटीसाठी.

चहा हिरव्या मगमध्ये. तिच्याकडेही तो अजून आहे.

तिला विचारलं, हो का म्हणालीस? ओळखत नाही म्हणाली असतीस तर कुणाला कळणार होतं?

तिला प्रश्नच कळला नाही. "बट ही इज माय सिस्टर्स हजबंड," म्हणाली. जणू मी वेड्यासारखं काही विचारलंय.

मग म्हणाली, बहीण फोन घेत नाही. मी नाव घेतलं म्हणून नवऱ्यावर संशय आला, असं तिला वाटतं. ऑफिसातून कुणाचा फोन नाही. आणि लगेच विचारलं, तुझ्याकडे दिवाळी कधी आहे?

त्या क्षणी सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलं. तिने माझ्या बशीत आणखी एक तुकडा ठेवला. अंगठी माझ्या तुकड्यात निघाली.

तिला मनापासून आनंद झाला. टाळ्या वाजवल्या तिने.

अंगठी कोटाच्या खिशात आहे. बाहेर काढायचा धीर नाही.

४ नोव्हेंबर, बुधवार

शिवॉनची सुनावणी उद्या अकराला. जुना बोर्डही उद्याच उतरणार, दुपारी. तारीख जूनमध्ये मीच दिलेली.

संध्याकाळी अविला फोन केला. त्याने उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "उद्या का?" म्हटलं, हो. मागे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचा आवाज आला. मग त्याने मुलीला हाक मारली, फोन ठेवायच्या आधीच.

माधवीला सांगितलं. ती रडली. मग उठली आणि हिरव्या मगने तांदूळ घेतले, दोन मग. चौघांचा भात आम्हा दोघांना. तिचं लक्षच नव्हतं. मला तरी भूक लागली, बऱ्याच दिवसांनी.

५ नोव्हेंबर, गुरुवार

रूथच्या केबिनबाहेर बसून लिहितोय. सव्वानऊ.

सकाळी तिला फोन केला होता, दहा मिनिटं हवीत म्हणून. कशाबद्दल, म्हणाली. माझ्या तोंडून निघालं, "एका बॅनरबद्दल."

ती हसली. "ओह श्री, बोर्डाचं तूच ठरव रे बाबा. आज माझ्यामागे शिवॉनचं आहे."

म्हटलं, "त्याबद्दलच."

ती म्हणाली, ये.

समोर शिवॉनचं टेबल. तिची खुर्ची कुणीतरी मीटिंगरूममध्ये नेलीय. खाली शिडी आली असणार, माणसं भिंतीला ड्रिल लावतायत. दुपारपर्यंत थांबा असं मी स्पष्ट सांगितलं होतं, कुणी ऐकत नाही. नव्या भिंतीवर "अवर स्टोरी" इथून दिसते. फार सुरेख झालीय. त्यातलं प्रत्येक वाक्य मी लिहिलंय, आणि मंदी मीच खोडलीय.

खिशात अंगठी लागते आहे.

आत उजवीकडच्या खुर्चीत बसेन, दाराकडे पाठ करून. पहिलं वाक्य पाठ केलंय: डॉक्टर बापट माझा मित्र आहे. त्यापुढचं अजून

रूथने दार उघडलं.